हात ढिला सोड

चि. रेवा आणि चि. ईशान,

रेवा, गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की दर शनिवारी तू तिकडच्या अन्नछत्रात गरम सूप वाढायला जातेस. मग थोडं थांबून म्हणालीस, "आजी, काम अवघड नाही गं. पण वाढताना कुठे बघायचं तेच कळत नाही. तोंडाकडे बघितलं की समोरचा माणूस मान खाली घालतो. नाही बघितलं तर मीच उर्मट दिसते." मी फोनवर काहीतरी गुळमुळीत बोलले. इतक्या लांबून आलेल्या फोनवर माझं निम्मं लक्ष ऐकू येण्याकडेच असतं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर आठवडाभर राहिला आहे. त्याचं उत्तर नेमकं माहीत असलेली एकच बाई मी पाहिली. तिला अक्षर येत नव्हतं आणि तिच्याबद्दल कुणी कुठे एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले. ईशान, तूही वाच. मराठी सावकाश वाचावं लागलं तरी चालेल.

तिचं नाव भागीरथी. हिंगोलीत सगळे तिला भागाबाई कासारीण म्हणत, आणि आमच्या गल्लीतल्या आम्ही मुली भागामावशी. कासार म्हणजे काचेच्या बांगड्या विकणारे आणि त्या बायकांच्या हातात चढवून देणारे लोक. आमच्याकडे त्याला काकणं भरणं म्हणतात. माझे वडील तिथल्या कोर्टात वकील होते. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कोर्टाचं काम उर्दूत चाले, घर मराठीत चाले आणि पुढे माझं शिक्षण अमरावतीला इंग्रजीत झालं. मी सांगते आहे ती सुरुवात मात्र त्याच्याही आधीची, मी सात-आठ वर्षांची असतानाची.

दर दोन महिन्यांनी भागामावशी टोपली घेऊन आमच्या ओसरीवर येई. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर आडवं कुंकू. बसल्याबरोबर ती टोपलीवरचं फडकं काढत नसे. आधी म्हणे, "हात." पुढे आलेला हात ती आपल्या मांडीवर घेई, अंगठ्याच्या बुडाशी असलेलं हाड दोन बोटांनी चेपून बघे आणि माप सांगे. माझं माप तेव्हा पावणेदोन होतं. मग काकणं चढवताना एकच वाक्य, दर वेळी त्याच सुरात: "हात ढिला सोड, बाय. तू ओढलास तर काच टोचंल. माझ्यावर सोड." हात सोडला की काकण कसं चढलं ते कळतही नसे.

हे सगळं होत असताना ती तोंडाकडे कधी बघत नसे. बोलायची, हसायची, गावभरच्या बातम्या सांगायची, पण नजर हातावर. आमच्या आईला याची मोठी गंमत वाटे. एकदा गल्लीतल्या बायकांनी तिची खोडी काढायची ठरवली. माजघराच्या दाराला पडदा लावला आणि पाचजणींनी पडद्यातून एकेक हात बाहेर काढला. भागामावशीनं चेपून चेपून पाचही नावं बरोबर सांगितली. मग आईनं आपली अंगठी शिंप्याच्या सुनेच्या बोटात घातली आणि तिचा हात पुन्हा बाहेर काढायला लावला.

"अंगठी वकिलीणबाईची," भागामावशी म्हणाली, "बोट शिंप्याच्या सुनंचं. अन् वकिलीणबाईस्नी सांगा, चोराच्या हाती अंगठी देऊन राहिल्या तर मला साक्षीला बलवू नका."

पडद्यामागे जी हसाहस झाली ती मला अजून ऐकू येते.

तिचा वावर सगळीकडे होता. मोमीनपुऱ्यातल्या घरांत वैद्यालासुद्धा पडद्याबाहेरून नाडी बघावी लागे. भागामावशी थेट आत, चुलीपाशी. खेड्यांच्या बाजारांना जाई, नरसीच्या जत्रेला जाई, बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाई. तांड्यावरच्या बायकांचे हात दंडापर्यंत भरलेले असत. तिथे काचेच्या काकणांना जागा कुठे, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "लेकी तर असत्यात का न्हाई? लेकींचे हात मोकळे असत्यात." हिंदूंच्या घरी ती मराठी बोले, मुसलमानांच्या घरी आपली मोडकी दखनी बोले. पण ते वाक्य दोन्हीकडे मराठीतच असे. हात ढिला सोड.

मी अमरावतीला शिकायला होते त्या काळात पटकीच्या साथीत तिचा नवरा गेला. मला ते कळलंच नाही. सुट्टीत घरी आले तर ओसरीवर टोपली तीच, फडकं तेच, पण बसली होती तिची जाऊ. मी आईला विचारलं, "भागामावशी कुठे?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, आता तिच्या हातून कशी भरायची?" म्हणाली. माझी आई वाईट बाई नव्हती. गावातली प्रत्येक आई तेच म्हणाली असती. जिच्या स्वतःच्या मनगटावर काकण उरलं नाही तिनं दुसरीच्या हातात ते चढवायचं नाही, हा रिवाज इतका मुरलेला होता की तो कुणी मोठ्यानं सांगायचीही गरज नव्हती.

भागामावशीनं मात्र एकदा प्रयत्न केला होता. ते तिनं मला काही वर्षांनी, भांडी घासता घासता सांगितलं. नवरा गेल्यावर वर्षानं ती नरसीच्या जत्रेत टोपली घेऊन बसली. ओळखीच्या बायका येत, वाकून काकणं बघत, रंग निवडत. मग तिच्या मोकळ्या मनगटांकडे लक्ष गेलं की हात पदराखाली ओढून घेत.

"सकाळधरून ऊन कलंपर्यंत बसले," ती म्हणाली. "एक हात पुढं आला न्हाई. माल बरा व्हता. भावबी बराबर व्हता. नुसते हात मागं जाऊन राहिले. तवा टोपली जावंच्या घरी ठिवली अन् म्हणलं, झालं आपलं."

यात रडगाणं नव्हतं. पातेलं उपडं करत ती ते बोलली, आणि पुढचं पातेलं घेतलं.

आता त्या पातेल्यांकडे येते.

देश स्वतंत्र झाला होता, पण आम्ही झालो नव्हतो. त्या वर्षी आमच्या भागात रझाकारांचा फार धाक होता. खेड्यांतली कितीतरी माणसं घरदार टाकून सरहद्दीपलीकडे वाशिमकडे गेली. ज्यांना तेवढं चालवलं नाही ती शहरात येऊन थांबली. धान्य आधीच सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेलेलं. शिक्षण संपवून मी घरी आले होते आणि माझं लग्न ठरायचं होतं. उन्हाळ्यात रावसाहेबांनी आपल्या जिनिंगची शेड अन्नछत्रासाठी उघडून दिली. कापूस नव्हताच, शेड रिकामी होती. त्यांना सगळे रावसाहेबच म्हणत, मीही तेच म्हणते. ज्वारी त्यांची, सरपण त्यांचं. मी वकिलाची शिकलेली मुलगी म्हणून दारातलं टेबल माझ्याकडे आलं. येणाऱ्याचं नाव आणि गाव यादीत लिहायचं आणि एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी दाखवली की माणशी दोन ओगराळी, म्हणजे दोन मोठे डाव, कण्या. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी शिजवून केलेला घट्ट भात समजा; ताक मिळालं तर वर ताक. काही ब्राह्मण कुटुंबं शिजलेलं घेत नसत, त्यांना कोरडं धान्य. सगळं कसं आखीव होतं. मला त्या यादीचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

भागामावशी भांडी घासायला म्हणून आली. पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. इतक्या माणसांच्या कण्या शिजतील एवढं भांडं गावात हिंदूंच्या घरी नव्हतं. लग्नाची पातेली होती ती लोकांनी पुरून ठेवली होती. रावसाहेब कपाळाला हात लावून बसले. तेव्हा भागामावशी म्हणाली, "वढ्याकडच्या दर्ग्यात डेग हाय. उरसाला खिचडा शिजतो तिच्यात. मागून आणू का?"

त्या दिवसांत दर्ग्यातून भांडं मागायचं म्हणजे काय, ते तुम्हाला तिथून कळणार नाही. ती मात्र उठली, गेली आणि तासाभरात बैलगाडीतून डेग घेऊन आली. कमरेइतकी उंच, तांब्याची, आतून कलई केलेली. तिथल्या मुजावरानं काय विचारलं म्हणून मी तिला विचारलं. "म्हणला, किसकी जबान पे देऊ? मी म्हणलं, माज्या. मी त्याच्या तिन्ही लेकीस्नी काकणं भरलीत. इतकंच." मग तिनं चिंच आणि राख घेऊन डेग बाहेरून चकचकीत केली, रावसाहेबांच्या भटजींनी वर पाणी शिंपडलं आणि चूल पेटली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढणारी बाई आजारी पडली आणि ओगराळं भागामावशीच्या हातात गेलं. ते पुन्हा कुणी मागितलं नाही, कारण तिच्यासारखं वाढणं कुणाला जमत नव्हतं.

रेवा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जी माणसं तिथे येत ती कालपरवापर्यंत दुसऱ्यांना वाढणारी माणसं होती. घरी बैलजोडी, अंगणात तुळस. रांगेत उभं राहताना ती पदर नाकापर्यंत ओढून घेत, पागोटं पुढे सारत. भागामावशीनं त्यातल्या एकाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. पळसाच्या पानाची पत्रावळ धरलेला हात पुढे येई आणि ती हाताशी बोले. "ये बाय. जरा वर धर. भाजंल." ज्याला लाज वाटत असे त्याचा हात आखडून येई. तिथे ती ओगराळं क्षणभर थांबवून म्हणे, "हात ढिला सोडा. सोडा माझ्यावर." म्हातारे पाटीलसुद्धा हात सोडत. ओसरीवर ऐकलेलं ते वाक्य तिथे पुन्हा ऐकलं तेव्हा मी यादीतून मान वर करून बघितलं. तिच्या तोंडावर जे होतं ते तिचा नवरा गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. तिच्यापुढे पुन्हा हात येत होते. सकाळपासून दुपारपर्यंत, एकामागून एक, आणि कुणी मागे घेत नव्हतं.

तेव्हा मला एवढं नक्की कळलं की दुसऱ्यांना ती शेड म्हणजे दोन ओगराळी कण्या होती, पण तिला ती जागा होती. ती जागा गेली असती तर तिला दुसरी नव्हती.

आमचं एकदा भांडणही झालं. माझ्या लक्षात आलं की ती काहीजणींना तिसरं ओगराळं घालते. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, नियम सगळ्यांना सारखा हवा. तुम्ही ओळखीच्यांना जास्त देता."

"वळखीची? मला तिचं नावबी ठाऊक न्हाई."

"मग का देता?"

तिनं रांगेतल्या एका बाईला हाक मारली, "ये बाय, हिला तुझा हात दाव." आणि तिचा हात धरून हळूच वर केला. मनगटावरची काकणं घरंगळत कोपरापर्यंत गेली आणि तिथेही अडली नाहीत. "हे काकण मनगटावर बराबर बसलं व्हतं तवा भरलं कुणीतरी. कासार ढिलं भरत न्हाई. आता बघ कुठवर जाऊन राहिलं. हे काय दोन दिसाचं हाय का? तू नाव लिव्ह, गाव लिव्ह. मी हे वाचते."

मी टेबलाशी परत गेले. तिच्या तिसऱ्या ओगराळ्याविषयी त्यानंतर बोलले नाही.

पाऊसकाळ सरता सरता भारताचं सैन्य आलं. पोलीस ॲक्शन म्हणतात ती ही. आमच्या गल्लीत साखर वाटली. बाबांनी झेंडा लावला. मीही आनंदात होते, आणि तो आनंद खोटा नव्हता. पण त्यानंतरच्या दिवसांत खेड्यांतून दुसरी माणसं यायला लागली. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे मुसलमान पिंजारी, आतार, कुणाकुणाचे गडी, त्यांच्यावर सूड घेतला गेला होता. पुरुष फारसे आले नाहीत. बायका आणि मुलं आली.

एका सकाळी शेडच्या दारात पंधरा-वीस बायका येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरून चादरी ओढलेल्या. शिरड शहापूरच्या बाजूनं चालत आल्या होत्या. पुढची टेबलापाशी आली आणि मी सवयीनं पेन्सिल उचलली.

"नावं घेऊ नका," रावसाहेब माझ्या मागून म्हणाले.

ते ओरडले नाहीत. त्यांना दुष्ट समजू नका. उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ गावाहून वाशिमकडे निघाला होता तो वाटेतच रझाकारांच्या हातून मारला गेला होता. त्यांच्या घरात अजून कुणी धड जेवत नव्हतं. ते म्हणाले, "माझ्या ज्वारीचा दाणा यांच्या पोटात जाणार नाही. यादीत नाव नाही तर चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही तर जेवण नाही. नियम तुमचाच आहे, ताई."

नियम माझाच होता. माझी पेन्सिल हलली नाही. मी वकिलाची मुलगी, इंग्रजी शिकलेली, न्याय या विषयावर निबंधात पहिली आलेली. आणि मी हातातल्या पेन्सिलीकडे बघत बसले. पोरांनो, हे तुम्हाला सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

त्या बायकांना सगळं कळलं होतं. त्या वळल्या नाहीत, कारण वळून जायचं कुठे. पण पुढचीनं हात चादरीत ओढून घेतला. तेवढं भागामावशीनं डेगेपाशी बसल्या बसल्या पाहिलं. हात मागे जाताना कसा दिसतो ते तिला जितकं माहीत होतं तितकं आमच्यात कुणालाच नव्हतं.

ती उठली. ओगराळं डेगेत तसंच ठेवून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "हात."

चादर हलली नाही.

"हात दे, बाय."

हात बाहेर आला. मनगट मोकळं होतं. काचेच्या बारीक ताज्या जखमा होत्या त्यावर. काकणं नुकतीच फोडलेली. भागामावशीनं अंगठ्याच्या बुडाशी चेपलं, मग करंगळीवरून बोट फिरवलं. करंगळी थोडी वाकडी होती.

"नूरबी," ती म्हणाली. "पिंजाऱ्याची नूरबी. हिच्या लग्नात हिरवी भरली व्हती मी. सव्वादोन."

चादरीतून रडण्याचा आवाज आला नाही. नूरबी इतकंच म्हणाली, "रहने दो, बाई. तुमकू तकलीफ हुईंगी. हम जाते."

"भागाबाई," रावसाहेब म्हणाले, "मी काय बोललो ते ऐकलंत ना? आज यांना वाढलंत तर उद्या या शेडीत तुमचं काम नाही."

भागामावशी त्यांच्याकडे वळली. आणि मी जन्मात पहिल्यांदा तिला कुणाच्या तरी तोंडाकडे बघताना पाहिलं. बराच वेळ बघितलं तिनं. त्यांच्या भावालाही ती ओळखत असणार. त्याच्या बायकोचीही काकणं तिच्याच टोपलीतली होती.

"ऐकलं, मालक," ती म्हणाली. "ज्वारी तुमची, व्हय. जागा तुमची. म्या न्हाई म्हणत न्हाई. पर डेग कुणाची हाय?"

तिनं डेगेकडे बोट केलं.

"पाच महिने तिच्यातलं खाल्लं आपण. तवा मुजावर म्हणला न्हाई की यास्नी देऊ नका. मी जबान दिली अन् त्यानं डेग दिली. आता तिच्यातून हिला न्हाई म्हणायचं त्वांड माझ्याकडं न्हाई. तुमच्याकडं असंल तर तुमी वाढा. मी घरी जाते."

मग ती नूरबीचा हात धरून आत गेली. चिठ्ठी घेतली नाही. पत्रावळ त्या हातावर ठेवली. हात इतका आखडला होता की पत्रावळ धरली जाईना.

"हात ढिला सोड," भागामावशी म्हणाली. "काय टोचत न्हाई आता. सोड माझ्यावर."

सगळ्यांना वाढून होईपर्यंत रावसाहेब खुर्चीवर बसून होते. त्यांनी अडवलं नाही. पण शब्दही मागे घेतला नाही. शेवटची बाई उठल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून यायची तकलीफ घेऊ नका, भागाबाई." ती "बरं" म्हणाली. ओगराळं राखेनं घासलं, धुतलं, उपडं ठेवलं. मग डेग रिकामी करून घासायला घेतली. ती मात्र घासून तिथे ठेवली नाही. "माझ्या जबानीवर आणली व्हती. मीच नेऊन देते," म्हणाली. गाडीवाला यायला तयार होईना. शेवटी तिनं आणि नूरबीबरोबरच्या दोघीतिघींनी डेग आडवी करून ढकलत नेली. भर दुपारी हिंगोलीच्या बाजारातून तांब्याची डेग घरंगळत गेली. तिचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. आईनं विचारलं, "काय वाजतंय गं?" मी सांगितलं नाही.

शेड पुढे दहा-बारा दिवस लहान पातेल्यांवर चालली आणि मग बंद पडली. खेड्यांतली माणसंही घरी परतायला लागली होती.

दरम्यान कळलं की भागामावशी दर्ग्याच्या आवारात चूल मांडून बसली आहे. ज्वारी कुठून आणते? तर सकाळी टोपली घेऊन निघते. तीच टोपली, जावेकडून मागून घेतलेली. पूर्वी ज्या ज्या घरी काकणं भरायला जायची त्या घरांच्या दारात उभी राहते आणि म्हणते, "आज काकणं न्हाईत. पायलीभर ज्वारी असंल तर घाला." काहींनी दार लावलं. काहींनी घातली. आमच्याही दारात आली. आईनं दोन सुपं भरून दिली. मी आत, खोलीत होते. बाहेर आले नाही.

माझं लग्न मार्गशीर्षात ठरलं. मुलगा अमरावतीचा, तुमचे आजोबा. चुडा भरायला भागामावशीची जाऊ आली. हिरवा चुडा, दोन्ही हात भरून, गल्लीतल्या बायका गाणी म्हणत होत्या. जाऊ चांगली होती, पण ती बोटानं माप घेत नसे, घालून बघे. दोन काकणं तडकली, मग तिनं मोठी चढवली. मी हात आखडून धरला होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता ओढ्याकडे, दर्ग्यात गेले.

आवारात चिंचेखाली डेग होती. रांग होती. चादरी ओढलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्यामागे तांड्यावरची एक म्हातारी होती, दंडापर्यंत भरलेले हात घेऊन. तिच्यामागे आमच्या शेडीत येणाऱ्या दोघीतिघी, पदर नाकापर्यंत. नूरबी सरपण सारत होती. भागामावशी डेगेपाशी पाटावर बसलेली, मान खाली.

मला काहीतरी बोलायचं होतं. क्षमा मागायची होती म्हणा. पण त्या गर्दीत ते कसं बोलणार, आणि कोणत्या तोंडानं. म्हणून मी रांगेत उभी राहिले. पत्रावळ घेतली नाही. माझी पाळी आली तेव्हा नुसता उजवा हात पुढे केला.

तिनं वर बघितलं नाही. ओगराळं उचललं, पत्रावळ नाही हे दिसलं आणि ते परत डेगेत गेलं. तिची दोन बोटं माझ्या चुड्याच्या खाली, अंगठ्याच्या बुडाशी आली. खरखरीत, कण्यांच्या वाफेनं गरम. तिनं चेपलं. मग चुड्यातलं एक काकण फिरवून बघितलं.

"वकिलाची पोर," ती म्हणाली. "सव्वादोन. अडीचची भरलीत जावंनं. उतरून जातील, संक्रांतीला बदलून घे." आणि थोडं थांबून, "तू काहून रांगंत? जेवून आलीस ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग सरक, बाय. मागं लेकरू उभं हाय."

मी सरकले. मागून एक छोटा हात पुढे आला, आणि ती त्या हाताशी बोलायला लागली.